बालकांचे लसीकरण आणि औषध दुकानातील माणूस
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मी डॉक्टर नाही, विज्ञानाचा पदवीधरही नाही. मी इतिहास आणि मराठी शिकवणारा एक शिक्षक आहे. परंतु एका चुकीने माणूस जेवढा शिकतो तेवढा दहा पुस्तकांनी शिकत नाही, आणि तशी एक चूक माझ्या हातून घडलेली आहे. ती आपल्यासमोर मांडावी आणि त्या निमित्ताने चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच माझा हेतू आहे.

२०२२ सालची दिवाळीची सुट्टी. माझी बहीण मुंबईत गोवंडीला राहते. आम्ही मुलांना घेऊन आठ-दहा दिवस तिच्याकडे गेलो होतो. तिच्या समोरच्या खोलीत एक कुटुंब राहत होते. त्यांचे दोन वर्षांचे मूल आमच्या मुलींबरोबर गॅलरीत खेळत असे. आम्ही निघालो त्या दिवशी ते मूल तापाने पडून होते, डोळे लाल झाले होते, नाक वाहत होते. सर्दी झाली असेल, असे सगळेच म्हणाले. आम्ही गावी परतलो आणि चारच दिवसांत माझ्या धाकट्या मुलीला ताप भरला. ती तेव्हा तीन वर्षांची होती.

रात्रीची वेळ होती. मी बाजारपेठेतील औषधांच्या दुकानात गेलो आणि तापाचे औषध मागितले. औषध पुढे सरकवायला अर्धा मिनिट पुरला असता. परंतु दुकानातील त्या भाईंनी आधी मुलीचे वय विचारले, मग वजन विचारले, मग अंगावर पुरळ आहे का ते विचारले. मी मुंबईहून आल्याचे सांगितले तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "सर, गोवराचा दुसरा डोस झालाय ना तिचा?"

मी तात्काळ म्हणालो, "सगळे डोस झालेत."

ते म्हणाले, "कार्ड बघून सांगा, सर. तोंडी नको. आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा, तिकडे साथ आहे."

घरी येऊन कपाट शोधले. साड्यांच्या घडीखाली कार्ड सापडले. नऊ महिन्यांच्या रकान्यात तारीख होती. सोळा ते चोवीस महिन्यांचा रकाना कोरा होता. तो काळ २०२१ चा, कोरोनाचा. त्या दिवसांत आम्ही काही महिने माझ्या सासरी होतो. तेथील दीदी म्हणाल्या, तुमच्या गावी घ्या. गावी आलो तेव्हा विसरलो. वर्गातील साठ मुलांच्या हजेरीत एक रकाना कोरा राहिला तर मला चैन पडत नाही, आणि माझ्या स्वतःच्या लेकरांपैकी एकीचा रकाना दीड वर्ष कोरा होता.

माझ्या मुलीचा ताप साधा निघाला. डॉक्टरांनी तपासले, तीन दिवसांत ती बरी झाली आणि पुढच्याच सत्रात तिला राहिलेला डोस दिला गेला. अल्लाहचा शुक्र. परंतु गोवंडीच्या त्या समोरच्या खोलीतील मूल राहिले नाही. त्याला एकही लस मिळालेली नव्हती. आईवडील कामासाठी या वस्तीतून त्या वस्तीत फिरत राहिले आणि कार्ड असे कधी झालेच नाही. बहिणीने फोनवर सांगितले तेव्हा माझी मुलगी माझ्या मांडीवर बसली होती. तिने विचारले, "त्याला बरं वाटलं का?" मला उत्तर देता आले नाही.

त्या हिवाळ्यात गोवराची साथ मुंबईबरोबर भिवंडी आणि मालेगावातही पसरली होती, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेलच. गावांची नावे वाचली की लक्षात येते, या आपल्याच वस्त्या आहेत. त्यासाठी दुसऱ्या कोणाला दोष देण्यापूर्वी आपण आपले कपाट उघडून पाहावे, हे बरे.

गोवराला आपल्या घरांत फार हलके मानले जाते. "सगळ्यांनाच येतो, अंगावरचा निघून जाऊ द्या," असे दादी-नानी म्हणतात. वास्तविक गोवर हा सर्वांत वेगाने पसरणाऱ्या रोगांपैकी एक आहे. लस न घेतलेल्या लोकांमध्ये एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत त्या हवेत राहू शकतो. मूल दगावते ते बहुधा पुढे होणाऱ्या न्यूमोनियाने, जुलाबाने किंवा मेंदूच्या सुजेने. वाचले तरी काहींची दृष्टी जाते, काहींचे कान जातात. ही साथ थोपवायची तर वस्तीतील शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. म्हणजे माझ्या मुलीचा कोरा रकाना हा केवळ माझ्या घरचा प्रश्न नव्हता. तो शेजाऱ्याच्या पाळण्यातील बाळाचाही प्रश्न होता.

आता त्या दुकानातील माणसाविषयी बोलू. आपण त्याला "मेडिकलवाला" म्हणतो आणि वाण्याच्या दुकानासारखे त्याचे दुकान समजतो. ही समजूत चुकीची आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे औषध देणारी व्यक्ती शिकलेली आणि नोंदणी झालेली असावी लागते. बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांची पदविका आणि त्यावर पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, किंवा चार वर्षांची पदवी, एवढे शिक्षण त्या काउंटरच्या मागे उभे असते. मराठीत त्याला औषधनिर्माता म्हणतात.

आणि हा व्यवसाय आपल्याला परका नाही. अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये वैद्य आणि औषध देणारा हे दोन वेगळे व्यवसाय झाले. औषध देणाऱ्याला सैदलानी म्हणत. त्याच्या मापाची आणि मालाची तपासणी करण्याचे काम मुहतसिब या अधिकाऱ्याकडे असे. अल्-बीरूनीने औषधशास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्याही आधी अल्-राझी या हकीमाने देवी आणि गोवर हे दोन निरनिराळे रोग आहेत हे लक्षणांसह मांडून दाखविले. ज्या गोवराची आपण आज चर्चा करतो, त्याची ओळख जगाला करून देणाऱ्यांत आपल्याच परंपरेतील एक विद्वान होता.

लसीचा इतिहासही असाच आहे. देवीच्या फोडातील द्रव्य टोचून मुलांचे रक्षण करण्याची रीत तुर्कस्तानात पाहून लेडी मेरी माँटेग्यू या इंग्रज बाईंनी १७१७ साली मायदेशी पत्रे लिहिली, आणि १७२१ साली लंडनमध्ये स्वतःच्या मुलीला टोचून घेतले. पुढे १७९६ साली जेन्नरने गायीच्या देवीची सुरक्षित लस शोधली. ती लस हिंदुस्थानात आली कशी? बगदाद आणि बसऱ्याच्या मार्गाने, एका माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत टोचत. त्या काळी बर्फाची पेटी नव्हती. माणसाचे शरीर हीच लशीची पेटी होती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ती पहिली लस.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते, नाना अफवा उठत होत्या. त्या वेळी जेमतेम विशीचे असलेले आगाखान पुढे आले. त्यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू वापरू दिली आणि आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून सर्वांदेखत लस टोचून घेतली. पुढाऱ्याने स्वतःचा दंड पुढे करावा, हा धडा आजच्या जमातीच्या प्रमुखांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अफवांचे वय मोठे असते, मित्रहो. पोलिओच्या थेंबांविषयी उत्तर प्रदेशातील आपल्या वस्त्यांत काय काय बोलले गेले, हे ज्येष्ठांना आठवत असेल. मुलींना मूल होणार नाही, अशी भीती घरोघर पसरली होती. तेव्हा अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द या संस्था आणि अनेक उलेमा मोहिमेत उतरले, मशिदींतून आवाहने झाली. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. थेंब घेतलेली ती मुले आज मोठी झाली आहेत, त्यांची लग्ने होत आहेत, त्यांच्या घरांत पाळणे हलत आहेत. अफवेला याहून चांगले उत्तर कोणते?

काही पालक हलाल-हरामची शंका विचारतात. शंका विचारणे हा गुन्हा नव्हे. काही लशींत जिलेटिन वापरलेले असते, हे खरे आहे. याच प्रश्नावर १९९५ साली कुवेतमध्ये इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या परिषदेत शंभराहून अधिक फकीह एकत्र आले, आणि मूळ पदार्थाचे पूर्ण रूपांतर झाले असेल तर त्याचा वापर अनुज्ञेय ठरतो, असा निर्णय त्यांनी दिला. आणखी एक साधा दाखला देतो. हजला जाणाऱ्या प्रत्येकाला मेंदूज्वराची लस घ्यावी लागते, ही सौदी सरकारची अट आहे. हज करून आलेल्या आपल्या वडिलांनी जी सुई निमूटपणे घेतली, ती नातवाला घेताना शंका का यावी? तवक्कल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. आधी उंट बांधायचा, मग भरवसा ठेवायचा, हे आपल्याला लहानपणीच शिकविलेले आहे.

आता लसीकरणात औषधनिर्मात्याचे काम नेमके काय, ते पाहू.

आपल्याकडे लस टोचते ती परिचारिका. परंतु ती लस तिच्या हातात योग्य अवस्थेत पोहोचते, यामागे बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषध निर्माण अधिकारी असतो. लस ही दुधासारखी नाजूक वस्तू आहे. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस उष्णतेने खराब होते. उलट हिपॅटायटिस बी, त्रिगुणी आणि पंचगुणी लशी गोठल्या की निकामी होतात. म्हणजे कमी थंड चालत नाही आणि जास्त थंडही चालत नाही. दिवसातून दोन वेळा, सुट्टीच्या दिवशीही, शीतपेटीचे तापमान पाहून नोंदवहीत लिहायचे असते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आले तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती, हे आपण भोगले आहे. वीज गेली की आपण मेणबत्ती शोधतो. या माणसाला मात्र आधी शेकडो बाळांच्या लशी आठवाव्या लागतात.

लशीच्या बाटलीवर एक लहानसे चिन्ह असते. वर्तुळ आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली. चौकोनाचा रंग वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला तर ती लस उष्णतेने खराब झालेली आहे, ती वापरायची नाही. आपल्या नववी-दहावीच्या मुलांनाही हे समजेल. पालकांनी सत्राच्या वेळी ते चिन्ह दाखवायला सांगितले तर कोणत्याही परिचारिकेला राग येणार नाही.

बाजारपेठेतील औषधनिर्मात्याचे काम निराळे. खाजगी दवाखान्यात घ्यायच्या काही लशी, उदाहरणार्थ कांजिण्या किंवा टायफॉईड, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुकानातून आणाव्या लागतात. अशा वेळी ती फ्रीजमधून काढलेली आहे का ते पाहावे, बर्फाच्या पिशवीसह घ्यावी आणि थेट दवाखान्यात न्यावी. वाटेत बाजार करू नये आणि घरी नेऊन बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच ठेवू नये.

लस घेतल्यानंतर येणाऱ्या तापासाठीही आपण दुकानातच जातो. येथे एक महत्त्वाची गोष्ट. पॅरासिटामॉलच्या पातळ औषधाच्या बाटल्या एकाच ताकदीच्या नसतात. एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर दुसरीत तेवढ्याच मापात २५० मिलिग्रॅम. लहान बाळांसाठीचे थेंब त्याहूनही तीव्र असतात. बाटली बदलली आणि माप तेच राहिले तर मुलाला दुप्पट औषध जाते. म्हणून औषधनिर्माता वजन विचारतो. त्याला "लवकर द्या" म्हणून घाई करू नका. गोवर-रुबेलाच्या लशीनंतर आठ-दहा दिवसांनी थोडा ताप किंवा हलके पुरळ काही मुलांना येते, ते आपोआप जाते. परंतु ताप जास्त असेल, मूल सुस्त असेल, झटके येत असतील तर दुकानात न थांबता डॉक्टरांकडे जावे. चांगला औषधनिर्माता स्वतःच तसे सांगतो, मग त्याची विक्री बुडाली तरी चालेल. माझ्या बाबतीत हेच घडले.

अमेरिकेत हे काम याच्याही पुढे गेले आहे. २०२० साली कोरोनामुळे मुलांच्या लशी मागे पडल्या तेव्हा तेथील सरकारने प्रशिक्षित औषधनिर्मात्यांना ३ ते १८ वर्षांच्या मुलांना लस टोचण्याची परवानगी दिली. त्याबरोबर पालकांना बालरोगतज्ज्ञांकडे नियमित तपासणीसाठी जाण्यास सांगण्याची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली. कारण सरळ आहे. डॉक्टरांची वेळ ठरलेली असते, औषधांचे दुकान रात्रीपर्यंत उघडे असते आणि प्रत्येक घरातले कोणी ना कोणी तेथे जातेच. आपल्याकडे सुई त्याच्या हातात नसेल, पण प्रश्न तर आहे. "कार्ड बघून सांगा," हा एक प्रश्न माझ्या घरात एका सुईइतकाच उपयोगी पडला.

पालकहो, आपल्या भागाची एक अडचण मी जाणतो. घरचा कर्ता पुरुष कुवेत, दुबई किंवा मस्कतला असतो. सून कधी गावी, कधी मुंब्र्याला, कधी माहेरी. बाळाचे डोस तीन ठिकाणी विभागले जातात आणि मधला एखादा हरवतो. म्हणून माझी आपणास कळकळीची विनंती आहे. पासपोर्ट जसा जपता तसे बाळाचे कार्ड जपा. प्रवासाला निघताना ते पिशवीत घाला. त्याचा फोटो काढून आखातात असलेल्या बापालाही पाठवा, म्हणजे तोही तेथून विचारत राहील.

आणि वेळापत्रक तोंडपाठ करा. जन्मतःच बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या भेटी. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा आणि त्रिगुणीचा बूस्टर. पाच-सहा वर्षांचे झाल्यावर त्रिगुणीचा आणखी एक. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस, म्हणजे ही दोन इंजेक्शने तर आमच्या शाळेच्याच वयातील. सरकारी केंद्रात हे सारे मोफत आहे. एखादा डोस राहिला असेल तर लाजू नका आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल असेही समजू नका. राहिलेल्या ठिकाणापासून पुढे जाता येते. गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत देता येते. साधी सर्दी असली तरी लस टाळण्याचे कारण नाही.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी तुमच्यासाठी. दहावीनंतर सगळेच डॉक्टर आणि इंजिनिअर होण्याचे स्वप्न पाहतात आणि जागा न मिळाली की निराश होतात. औषधनिर्माणशास्त्राचा विचार करा. पुण्याच्या आझम कॅम्पसमधील अल्लाना फार्मसी महाविद्यालय, नवीन पनवेलचे अंजुमन-ए-इस्लामचे कालसेकर संकुल, मौलाना आझाद ट्रस्टचे औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील यशवंतराव चव्हाण फार्मसी महाविद्यालय, ही सारी आपल्याच समाजातील संस्थांनी उभी केलेली दालने आहेत. मुलींना मी विशेष सांगेन. ज्या गोष्टी एखादी आई दुकानातील पुरुषाला विचारायला संकोचते, त्या ती तुम्हाला मोकळेपणाने विचारील. गावातील दुकानात शिकलेली मुलगी उभी राहिली तर किती घरांतील कोरे रकाने भरले जातील, याचा विचार करा.

माझ्या मुलीचे कार्ड आता कपाटात साड्यांखाली नाही. ते माझ्या हजेरीपटाच्या पिशवीत आहे. आज घरी गेल्यावर जेवणाआधी आपणही आपल्या मुलांची कार्डे काढून पाहावीत. एखादा रकाना कोरा दिसला तर येत्या सत्राला जावे. आणि गोवंडीच्या त्या लेकराच्या आईवडिलांसाठी सब्राची दुआ करावी, एवढेच माझे मागणे आहे.

खुदा हाफिज.